सगळ्यांना एकेक फवारा

मी जनावरांचा डॉक्टर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माणसांच्या तब्येतीविषयी बरंच येणार आहे आणि मग कोणी म्हणेल, याला कोणी विचारलं होतं? विचारलं होतं. सरकारने लेखी विचारलं होतं.

२०३९ साली नवा कोरोना आला, तेव्हा मागच्यासारखी दाणादाण उडाली नाही. तो कोणाला जड जाणार हे या वेळी बऱ्यापैकी आधीच सांगता येत होतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती यंत्रात घालायची, आणि दोन दिवसांत ज्याच्या त्याच्या फोनवर कार्ड येई. हिरवं, पिवळं किंवा तांबडं. गावोगावच्या आरोग्यसेविकांनी हे काम महिनाभरात उरकलं. राहिले ते मेंढपाळ. दिवाळी झाली की आटपाडी, जत, माण या बाजूची मेंढरं पश्चिमेकडे सरकतात. तळ आज या शेतात, तर परवा नदीपलीकडे. माणसांच्या डॉक्टरसाठी हे लोक थांबत नाहीत. जनावरांच्या डॉक्टरसाठी थांबतात, कारण माणूस आजारी पडला तर तो सांगू शकतो, मेंढरू सांगू शकत नाही. वीस वर्षं मी त्यांच्या मेंढरांना लसी टोचत आलो होतो. वरिष्ठांना एरवी माझं नावही आठवत नसे, ते बरोबर आठवलं. कामापुरता मामा म्हणतात तो हा.

तायाप्पा मेटकरीचा तळ तेव्हा पाटणच्या अलीकडे, ऊस तुटून गेलेल्या एका रानात होता. खतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतात, तशी तिथे अडीचशे मेंढरं बसवली होती. दोन घोडी, एका घोडीच्या पाठीवर सौर पाटी, तिच्यावर सगळ्यांचे फोन चार्जिंगला लावलेले. माणसं नऊ. तायाप्पा, त्याची बायको, थोरला मुलगा, सून, चार वर्षांची नात आणि लग्नाची मुलगी पल्लवी. शिवाय त्याची बहीण शालन, तिचा नवरा किसन बंडगर आणि त्यांचा मुलगा बिरू. बिरू चोवीस वर्षांचा, अंगापिंडाने असा की ओढा आडवा आला तर मोठा मेंढा खांद्यावर टाकून पलीकडे नेणारा. त्याचं आणि पल्लवीचं लग्न माघात ठरलं होतं. मामाची मुलगी करायची आमच्याकडची जुनी रीत. दोन घरांनी त्यासाठीच यंदा एकत्र तळ टाकला होता.

मी गेलो त्या दिवशी एक पालवा, म्हणजे अंगात आलेलं कोकरू, कापला होता. तायाप्पाला तळाचा कारभारी का मानतात, ते त्या दुपारी पुन्हा एकदा पाहिलं. त्याने मटणाचे वाटे घातले. हाड, मांस, काळीज, सगळं प्रत्येक वाट्यात सारखं. मग नातीला पाठ करून उभं केलं आणि एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कुणाचा?" पोरगी न बघता नाव घेई, आणि ज्याचं नाव त्याचा वाटा. नववा झाल्यावर तिने माझंही नाव घेतलं, आणि तायाप्पाने दहावा वाटा खरोखरच घातलेला होता. तीस वर्षांत त्याच्या तळावर वाट्यावरून भांडण झालेलं नाही, असं तो सांगे, आणि ते खरं होतं.

जेवणं झाल्यावर मी काड्या फिरवल्या आणि फॉर्म भरायला बसलो. त्यात एक प्रश्न होता. मागच्या साथीत घरातलं कोणी पन्नाशीच्या आत गेलं का?

तायाप्पा एकदम उठला आणि घोडीचा दोर तपासायला गेला. त्याची बायको भांडी घेऊन निघाली. उत्तर शालनने दिलं.

"माजा धाकला भाऊ. धुळा. एकूणतीस वर्साचा हुता."

पुढचं तिने मला जीपपाशी येऊन सांगितलं. २०२१ साली ती विट्याच्या बाजारातून कणकण घेऊन माहेरच्या तळावर आली होती. तिला दोन दिवस खोकला झाला आणि गेला. धुळाला तिच्या मागोमाग ताप आला आणि आठव्या दिवशी तो मेला. त्याच आठवड्यात तिचा सत्तरीचा बापही तापला होता, तो तिसऱ्या दिवशी मेंढरांमागे चालू लागला. त्यामुळे सगळ्यांच्या मनात एकच बसलं, की आणणारी शालन, आणि गेला तो घरातला सगळ्यांत दांडगा गडी.

"आय त्यानंतर चौदा वर्सं जगली," ती म्हणाली. "पर माज्या हातचं पाणी तिनं घेतलं न्हाई. दादा तोंडानं काय बोलला न्हाई कवा. बोलावलंबी न्हाई. अवंदा पोराच्या लग्नापायी म्हायेराला आलीया बगा, अठरा वर्सांनी."

हे सांगताना ती रडली वगैरे नाही. मी फॉर्मवर "होय, पुरुष, २९" एवढं लिहिलं आणि निघालो.

दोन दिवसांनी कार्डं आली. आठ हिरवी-पिवळी. बिरूचं तांबडं.

आता थोडं शास्त्र. फार नाही, मलाही तेवढंच येतं.

विषाणू अंगात शिरला की लढाई लगेच सुरू होत नाही. आधी कोणीतरी ओरडावं लागतं. आपल्या काही पेशींत विषाणूचा मजकूर वाचणारे पहारेकरी असतात. परका मजकूर दिसला की ते हाकाटी करतात. ती हाकाटी म्हणजे इंटरफेरॉन नावाचं द्रव्य. ते सुटलं की शेजारच्या पेशी दारं लावून घेतात आणि विषाणूला हातपाय पसरता येत नाहीत. बहुतेकांचं दुखणं ताप-खोकल्यावर निभावतं ते यामुळे. पण काही थोड्या लोकांत त्या पहारेकऱ्याचं जनुकच बिघडलेलं असतं. तो झोपलेला राहतो. चार-पाच दिवस विषाणू बिनबोभाट वाढतो, आणि मग शरीराला जाग येते ती अशी की, ते स्वतःचीच फुप्फुसं जाळायला निघतं. माणूस किती तगडा आहे याचा इथे काही संबंध नसतो. साथीत धडधाकट माणसं अचानक गेली, त्यांतल्या सगळ्यांचं नव्हे, पण काहींचं कारण हे होतं.

या पहारेकऱ्याचं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे एक्स दोन. एक बिघडला तरी दुसरा काम भागवतो, तिला कळतही नाही. पुरुषाकडे एकच, आणि तो येतो आईकडून. तो बिघडलेला असला तर बदली कामगार नाही.

यावर औषध निघालं होतं, तेही साधं. शरीर हाकाटी करत नसेल, तर बाहेरून करायची. इंटरफेरॉनचा नाकात मारायचा फवारा. बाटलीत दहा मात्रा. सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस. अट एवढीच की ताप आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू करायचा आणि मध्ये खंड पाडायचा नाही. उशिरा मारला तर उपयोग तर नाहीच, उलट आगीत तेल. फवारा महाग आणि थोडका, म्हणून नियम होता, एका तांबड्या कार्डाला एक बाटली. दुसरा नियम असा की, कार्ड ज्याचं त्यालाच सांगायचं. त्याच्या आईबापालाही नाही.

मी बिरूला ओढ्याच्या काठी गाठलं आणि सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं. मग त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा.

"मामाला कळंल का?"

"तू सांगितलंस तर."

"मग नगा सांगू. डाक्टर, तुमच्या पाया पडतो. धुळामामाचं झाल्यालं सारं घर इसरायला लागलंया आता कुटं. माज्या अंगात खोट हाय म्हटल्यावर मामा पोरगी दील का? आन् लगीन मोडलं तर आयेचं म्हायेर पुन्यांदा बंद. यावेळी कायमचं."

"आणि ताप आला तर?"

"बाटली हाय की. मारीन गुपचूप. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंही वाटलं. नियमही तोच होता, पोराची इच्छाही तीच होती, आणि मला आणखी पंधरा तळ गाठायचे होते. मी औषधाच्या डब्यातली बाटली त्याच्या हातात ठेवली आणि जीप वळवली. नऊ माणसं एका कापडाखाली निजतात, एका चुलीवर जेवतात, एकमेकांची खोकल्याची ढास ओळखतात. तिथे गुपचूप असं काही करता येतं का, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. वीस वर्षं त्यांच्यात वावरून आला नाही, याची मला आजही लाज वाटते.

मार्गशीर्षात एके सकाळी पल्लवीचा फोन आला. "डाक्टर, समद्यास्नीच कसंतरी हुतंया. बिरूला कालपासनं ताप हाय. तुमी या."

मी दोन तासांत पोचलो. नऊच्या नऊ माणसं कांबळी पांघरून बसलेली. मी जीपमधून उतरलो आणि तडक बिरूपाशी गेलो. ताप एकशे दोन. बोटाला यंत्र लावलं, प्राणवायू पंचाण्णव. बरा होता. श्वासही ठीक होता. ताप काल दुपारी बारा वाजता चढला, म्हणजे जेमतेम तेवीस तास झाले होते. माझा जीव भांड्यात पडला.

"फवारा घेतलास ना?" मी हळूच विचारलं.

त्याने मान फिरवली. उत्तर मागून आलं, तायाप्पाकडून, आणि ते मोठ्या समाधानाने आलं.

"घेतला की समद्यांनी! कालच. एकेक. कुनाला कमी न्हाई, कुनाला जास्ती न्हाई."

त्याने खिशातून बाटली काढून माझ्या हातात दिली. तिच्या झाकणावर उरलेल्या मात्रांचा आकडा दिसतो. तिथे एक होता.

झालं होतं ते असं. बाटली आपल्याजवळ सापडली तर विचारपूस होईल, म्हणून बिरूने ती त्याच दिवशी घोडीवरच्या सामायिक पिशवीत टाकली होती आणि सांगितलं होतं, सरकारने तळाला औषध दिलंय, तापावरचं. काल त्याला ताप भरला, नात शिंकायला लागली, तसं तायाप्पाने ते बाहेर काढलं. औषध तळाचं, म्हणजे सगळ्यांचं. सगळ्यांचं म्हणजे सारखं. लहान पोरीपासून स्वतःपर्यंत त्याने प्रत्येकाच्या नाकात एकेक फवारा मारला आणि उरलेला एक, कोणी पाहुणा आला तर असावा म्हणून ठेवला. बिरूनेही रांगेत बसून आपला एक घेतला आणि गप्प राहिला. आणखी मागितले असते तर का, ते सांगावं लागलं असतं.

आणि आठ निरोगी माणसांची अंगं दुखत होती ती त्या फवाऱ्यानेच. गरज नसलेल्याने इंटरफेरॉन घेतलं की दिवसभर कणकण येते. दुसऱ्या दिवशी उतरते.

मी उरलेला एक फवारा ताबडतोब बिरूच्या नाकात मारला. सगळे बघत राहिले. संध्याकाळच्या मात्रेला बाटलीत काही नव्हतं.

कराडच्या औषध-भांडाराला फोन लावला. तिथली बाई सभ्य होती, पण नियमाला पक्की. एका कार्डाला एक बाटली. दुसरी हवी असेल तर पहिली कशी संपली याचा जबाब, ज्याने संपवली त्याच्या तोंडचा, रुग्णाच्या नावासह. जबाब आला की पन्नास मिनिटांत ड्रोनने पाठवते. रुग्णालयात नेलं तरी हीच बाटली आणि हाच जबाब लागेल, असंही तिने सांगितलं. तिचं काही चुकत नव्हतं. माझ्यासारखे दहा जण रोज तिला फोन करत असणार.

संपवणारा तायाप्पा. म्हणजे त्याला सांगावं लागणार, औषध कोणाचं होतं ते. इकडे आड, तिकडे विहीर. मी बिरूच्या शेजारी बसलो आणि खालच्या आवाजात म्हणालो, "बिरू, आता सांगायला हवं. मी तुझ्या परवानगीशिवाय सांगणार नाही. पण संध्याकाळी सहाच्या आत मला बाटली पाहिजे."

तो तापाने लाल झालेले डोळे मिटून पडला. मी वाट पाहत राहिलो. आयुष्यात मी बऱ्याच अडलेल्या मेंढ्या सोडवल्या आहेत, पण एवढा असहाय कधी झालो नव्हतो.

"डाक्टर," शालन म्हणाली. ती केव्हाची माझ्याकडे बघत होती. "ते औषीद बिरूचं एकट्याचं हुतं न्हवं?"

मी हातातल्या रिकाम्या बाटलीकडे बघितलं.

"तुमी जीपमदनं उतरल्या उतरल्या नऊ माणसातनं सरळ त्याच्याकडं गेलासा. मेंढरात शिरल्यावबी तुमी असंच करतासा. जे जाणार असंल त्याच्याकडं आदी."

गुपित मी जिभेने पाळलं होतं आणि पायांनी फोडलं होतं.

"व्हय आये," बिरू डोळे न उघडता म्हणाला. "माजंच. तांबडं कार्ड हाय माजं."

मग मी सगळं सांगितलं. पहारेकरी, हाकाटी, अठ्ठेचाळीस तास. तायाप्पा ऐकत होता. त्याचा चेहरा उतरत गेला. वाटा घालण्यात त्याचा हात कधी चुकला नव्हता, आणि चुकला तो भाच्याच्या जिवाशी.

"मेंढरात असं कवा करत न्हाई बगा मी," तो शेवटी म्हणाला. "मरगाळल्याल्या कोकराला दोन आयांचं दूध पाजतो. धडक्याला एकीचंबी पुरं न्हाई पाजत. आन् माणसात..." त्याने हात पुढे केला. "आणा त्ये यंत्र. कुटं बोलायचं?"

त्याने टॅब्लेटसमोर जबाब दिला. नाव तायाप्पा भिवा मेटकरी. औषध माझ्या भाच्याचं होतं, बिरू किसन बंडगर याचं, ते मी न विचारता सगळ्यांना वाटलं. चूक माझी. "न विचारता" हा शब्द त्याने दोनदा उच्चारला. चूक माझीही होती, पण त्या जबाबात माझ्यासाठी रकाना नव्हता.

बाटली यायला वेळ होता. पल्लवी बिरूच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. तापलेल्या माणसाला ऐकवायचं ते तिने तेवढ्यात ऐकवून घेतलं. "औषीद लपवणारा नवरा मला चालायचा न्हाई. आत्ताच सांगून ठेवते. दुसरं काय लपवलं असलं तर तेबी ताप हाय तवर बोलून टाक."

बिरू कण्हत हसला. तायाप्पाने ते ऐकलं. मला बाजूला बोलावून त्याने विचारायचं ते विचारलं, लग्नाचं. मी सांगितलं, बिरूच्या मुलग्यांना हा दोष जाणार नाही, कारण मुलाला बापाचा एक्स मिळत नाही. मुलींकडे जाईल, पण त्यांना त्रास व्हायचा नाही. त्यांच्या पोटच्या मुलांची काडी तेवढी वेळेवर फिरवायची.

"म्हंजी ल्योक बापाकडनं घीत न्हाई," तायाप्पा हळूहळू म्हणाला. "आयेकडनं घेतो."

"हो."

हे बोलणं आमच्या दोघांतलं होतं. पण शालन चुलीपाशी होती आणि चूल काही लांब नव्हती. ती उठून आली.

"बिरूला माज्याकडनं आलं."

"हो. पण तुम्ही ते दिलं नाहीत, ताई. ते आलं. कोणाला ठरवून देता येत नाही ते."

"ते ऱ्हाऊ द्या. मला कुटनं आलं?"

यावर गप्प बसता आलं असतं. पण गप्प बसण्याचा परिणाम माझ्या हातात रिकाम्या बाटलीच्या रूपाने होता.

"धुळाची तपासणी कधी झाली नाही," मी म्हणालो. "त्यामुळे छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही. पण तुमचे वडील सत्तरीत तिसऱ्या दिवशी उठले. त्यांच्यात दोष नसावा. मग तो तुमच्या आईकडून आलेला असणार. आईच्या दोन एक्सपैकी एक बिघडलेला. तो तुमच्याकडे आला, तायाप्पाकडे आला नाही, त्याचं कार्ड हिरवं आहे. धुळाकडे आला असावा."

"म्हंजी त्यो ताप माज्याकडनं न घेता दुसऱ्या कुनाकडनं घेतला असता तरी..."

"तरी तेच झालं असतं. त्या वर्षी कोणाकडून तरी घेतलाच असता. सगळ्या मुलखाने घेतला. तुम्ही एकट्या नव्हता."

शालन तिथेच खाली बसली. तायाप्पा उभाच होता. पन्नाशी उलटलेला तो मोठा माणूस, हातातली काठी या हातातून त्या हातात घेत राहिला. मग तो बहिणीसमोर उकिडवा बसला.

"शालन," तो म्हणाला. "बोललो न्हाई मी कवा तुला."

"न्हाई बोललास, दादा."

"बोललो असतो तर बरं झालं असतं. तू भांडली तरी असतीस. मी मनात ठिवलं. अठरा वर्सं." त्याला हुंदका आला. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. मी मेंढरांकडे तोंड करून उभा राहिलो.

ड्रोन आला तो मेंढरं बुजवतच. संध्याकाळची मात्रा पावणेसहाला नाकात गेली.

मी पाच दिवस तळावरच राहिलो. कार्यालयाला कळवलं की, मेंढरांत रोग आहे. खोटं बोललो, पण एका खोट्याने माझी नोकरी जाणार नव्हती, निवृत्तीला आठ महिने उरले होते. चौथ्या दिवशी बिरूचा प्राणवायू त्र्याण्णववर आला तेव्हा मी जीप वळवून ठेवली होती. तासाभराने पंचाण्णव झाला. पाचव्या दिवशी सत्त्याण्णव, आणि ताप उतरला. हाकाटी वेळेवर पोचली होती.

त्या दुपारी मी सामान आवरत होतो. शालन चहा घेऊन आली आणि जीपच्या पायरीवर टेकली. पोरगं वाचल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होताच, पण त्याच्याखाली काहीतरी घोळत होतं.

"डाक्टर, ही तपासणी चार वर्सांमागं आली असती तर आयला कळलं असतं न्हवं?"

"हो," मी म्हणालो. मला वाटलं, हिला हळहळ वाटतेय. आईने मरण्यापूर्वी आपल्याला निर्दोष म्हणावं, हे कोणाला वाटणार नाही? मी समजूत घालायला सुरुवात केली. "थोडं आधी कळलं असतं तर तुमच्यावरचा ठपका आईच्या हयातीतच गेला असता. दुर्दैव..."

"दुर्दैव कसलं?" तिने मला मध्येच तोडलं. "बरं झालं, न्हाई कळलं."

मी कप खाली ठेवला.

"ल्योक गेल्याला तिला सोसत नव्हतं. माज्यावर राग धरून चौदा वर्सं तरी जगली. मला बगून तोंड फिरवायची, पर त्यापायी सकाळी उठायची तरी. ह्ये तिच्यातनं आलंय म्हटल्यावर तिनं राग कुनावर धरला असता? मी तरणी हुते, मला सोसलं. तिला न्हाई सोसलं असतं."

सगळं शास्त्र पाठ असलेला मी, मला हे बोलता आलं नसतं. पण मनात एक शंका होती आणि ती मी विचारली. विचारायला नको होती असं क्षणभर वाटलं.

"ताई, आता तुम्हाला कळलंय. बिरूचं तुमच्यातून आलंय. तुम्ही कोणावर धरणार राग?"

तिने रानाकडे पाहिलं. बांधापाशी बिरू, अजून अशक्त, काठीला टेकून उभा होता आणि उसाच्या फडात घुसू बघणाऱ्या एका मेंढीला तिच्या सात पिढ्यांवरून शिव्या घालत होता. त्याचा आवाज चांगला खणखणीत होता.

"मला कशाला लागतोय राग?" शालन म्हणाली. "माजा जित्ता हाय."